विश्लेषण : बिअरमध्ये टोमॅटो, तिखट आणि मीठ! मेक्सिकोची ‘मिचेलादा’ आहे तरी काय? तिच्या ग्लासात पाणी, लिंबू आणि टॅरिफचे राजकारण कसे आले?

उंच ग्लास, त्याच्या कडेला लाल तिखट-मिठाचा जाड थर, आत टोमॅटोचा रस, त्यावर लिंबू पिळलेले आणि मग फेसाळत ओतलेली गार बिअर. इन्स्टाग्रामवर खाद्यपदार्थांचे व्हिडीओ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर हे रील एकदा तरी येऊन गेले असेल. खाली प्रतिक्रियांत अर्धे लोक ‘काय हा अत्याचार’ म्हणतात, तर उरलेले ‘एकदा प्यायलाच हवी’ असे सांगतात. या पेयाचे नाव मिचेलादा.

मेक्सिकोत ही काही नवी फॅशन नाही. रविवारी सकाळी, फुटबॉलच्या सामन्याला, समुद्रकिनाऱ्यावर, आठवडी बाजारात ती पिढ्यान् पिढ्या प्यायली जाते. तिच्याकडे आज नीट पाहण्याचे कारण मात्र वेगळे आहे. या ग्लासात जे जे पडते, म्हणजे बिअर, टोमॅटो, लिंबू आणि अगदी बिअरचा कॅनसुद्धा, त्यातील जवळपास प्रत्येक गोष्टीवरून गेल्या काही वर्षांत मेक्सिकोत किंवा मेक्सिको-अमेरिका सीमेवर वाद पेटला आहे. कुठे पाण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, कुठे आयातशुल्क लागले, तर कुठे लिंबू उत्पादकांच्या नेत्याला जीव गमवावा लागला. ते कसे, हे समजून घेऊ या.

मिचेलादा म्हणजे नेमके काय?

मेक्सिकोत बोलीभाषेत बिअरला ‘चेला’ म्हणतात. बिअरमध्ये फक्त लिंबू आणि मीठ घातले की ती झाली ‘चेलादा’. त्यात तिखट सॉस, वूस्टरशायर सॉस आणि मॅगीचा काळा रस पडला की ‘मिचेलादा’. टोमॅटोचा रस सगळीकडे घालतातच असे नाही. अनेक ठिकाणी टोमॅटो घातलेल्या प्रकाराला ‘ओहो रोहो’ म्हणजे ‘लाल डोळा’ असे वेगळे नाव आहे. आपल्याकडे मिसळ म्हणताच कोल्हापूरकर, पुणेकर आणि नाशिककर जसे वेगवेगळ्या ताटल्या डोळ्यांसमोर आणतात, तसेच हे. शहर बदलले की कृती बदलते आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते.

इथे मॅगी म्हणजे नूडल्स नव्हेत. स्वित्झर्लंडच्या ज्युलियस मॅगी यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस बाजारात आणलेला तो गडद, खारट द्रव मेक्सिकोतील स्वयंपाकघरांत पक्का रुजला आहे. वूस्टरशायर सॉसला तिथे सरळ ‘इंग्रजी सॉस’ म्हणतात आणि त्यात चिंच असते. ग्लासाच्या कडेला लावायच्या मसाल्याचा सर्वात ओळखीचा ब्रँड ‘ताहीन’. मिरची, मीठ आणि लिंबू यांची ही पूड कंपनीने १९८५ पासून विकायला सुरुवात केली. कैरीच्या फोडीवर तिखट-मीठ भुरभुरवणाऱ्या आपल्या जिभेला ती परकी वाटणार नाही. मेक्सिकोतही ती आंब्याच्या फोडींवर घालूनच खातात.

नाव कुठून आले?

यावर एकमत नाही. सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट सान लुईस पोतोसी शहरातल्या एका क्रीडा क्लबची. तिथे मिशेल एस्पेर नावाचे सदस्य लिंबू, मीठ आणि बर्फ घालून बिअर मागवत. इतरही ‘मिशेलसारखी’ बिअर मागू लागले आणि त्यातून मिचेलादा शब्द रुळला, असे म्हणतात. दुसरी व्युत्पत्ती शब्दांच्या खेळाची : ‘मी चेला एलादा’, म्हणजे ‘माझी गार बिअर’. तिसरी गोष्ट एका लष्करी अधिकाऱ्याची. ती रंजक असली तरी तिला कागदोपत्री आधार सापडत नाही.

आणि बिअरमध्ये टोमॅटो कुणी घातला?

इथे कथेत ‘क्लामाटो’ येतो. हा टोमॅटोचा रस, मसाले आणि शिंपल्यांचे सार यांपासून बनवलेला बाटलीबंद रस. १९६०च्या दशकात तो अमेरिकी कंपनीने बाजारात आणला. कॅनडाने त्यात व्होडका मिसळली आणि १९६९ मध्ये कॅल्गरीत ‘सीझर’ नावाचे कॉकटेल जन्माला आले, जे आज तिथले जवळजवळ राष्ट्रीय पेय आहे. मेक्सिकोने त्याच रसात बिअर ओतली.

म्हणजे ज्याला आपण अस्सल मेक्सिकन समजतो त्या ग्लासात अमेरिकी रस, स्विस मसाला आणि इंग्रजी सॉस आहे. मिरची आणि टोमॅटो मात्र मूळचे तिथलेच. इंग्रजीतील ‘चिली’ आणि ‘टोमॅटो’ हे दोन्ही शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून आले आहेत. हीच मिरची १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरली आणि मग आपल्या ठेच्यापर्यंत पोहोचली. लिंबाचा प्रवास याच्या उलट. ते आशियातून अरबांमार्फत स्पेनला आणि तिथून मेक्सिकोला गेले. मेक्सिकोत ज्याला ‘मेक्सिकन लिंबू’ म्हणतात, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपले कागदी लिंबूच आहे.

शाकाहारी वाचकांसाठी महत्त्वाची सूचना : क्लामाटोत शिंपल्यांचे सार असते आणि पारंपरिक वूस्टरशायर सॉसमध्ये मासे. ‘फक्त टोमॅटो आणि बिअर’ असे सांगितले गेले तरी बाटलीवरचे लेबल वाचावे.

चव कशी लागते? करून पाहिले तर...

हा लेख नुसता वाचून लिहू नये म्हणून मी घरी मिचेलादा करून पाहिली. क्लामाटो मिळाला नाही. साधा टोमॅटोचा रस, दोन कागदी लिंबे, सोया सॉस, तिखट सॉस, कडेला लाल तिखट आणि मीठ. पहिला प्रयत्न थेट ओट्यावर सांडला. अभियांत्रिकीत चार वर्षे काढूनही मी अर्धा ग्लास बिअर ओतल्यावर वरून चमचाभर मीठ टाकले आणि ग्लासातून फेसाचा ज्वालामुखी वर आला.

कारण सोपे आहे. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळलेला असतो. बाहेर पडायला त्याला एखादी खरखरीत जागा लागते. मिठाचा प्रत्येक कण अशा हजारो जागा पुरवतो आणि सगळा वायू एकदम बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. म्हणूनच मेक्सिकोत मीठ ग्लासाच्या कडेला लावतात, रस आणि मसाले आधी तळाला ढवळून घेतात आणि बिअर शेवटी, ग्लास तिरका धरून, हळूहळू ओततात. कृती परंपरेने आली असली तरी तिच्यात भौतिकशास्त्र पक्के आहे.

दुसऱ्यांदा जमली. पहिला घोट विचित्र लागतो, हे कबूल. गार सार आणि सोडा यांच्यामधले काहीतरी. तिसऱ्या घोटाला मात्र गणित जुळते. मीठ बिअरचा कडूपणा दाबते. टोमॅटो आणि सोया सॉसमधील ग्लुटामेट त्या रुचीला भरीवपणा देते, ज्याला ‘उमामी’ म्हणतात. लिंबू सगळे हलके करते. तिखट मात्र बिअरने कमी होत नाही, उलट वाढल्यासारखे वाटते. मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता जाणवणाऱ्या ग्राहींना चेतवते आणि बुडबुड्यांची आम्लता त्यात आणखी चुरचुर घालते. कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये विरघळते हे खरे, पण साडेचार-पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये त्याचा उपयोग नाही.

गोव्याच्या वाचकांना हे सगळे ओळखीचे वाटेल. काजूच्या हंगामात, मार्च ते मे दरम्यान, तिथे उराक लिंबाच्या सोड्यात मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. उकाड्यात घामाने गेलेले मीठ आणि जिभेला हवी असलेली तरतरी, दोन्हीकडची गरज एकच आहे.

मेक्सिकन बिअर इतकी महत्त्वाची का झाली?

आता ग्लासातील मुख्य घटकाकडे वळू. मेक्सिको हा जगातील सर्वात मोठा बिअर निर्यातदार आहे आणि या निर्यातीचा बहुतांश भाग एकाच ग्राहकाकडे, म्हणजे अमेरिकेत जातो. २०२३ मध्ये ‘मोदेलो एस्पेसियल’ या मेक्सिकन बिअरने ‘बड लाइट’ला मागे टाकले आणि विक्रीच्या मूल्यानुसार ती अमेरिकेतील पहिल्या क्रमांकाची बिअर झाली.

यात एक गंमत आहे. मोदेलो कंपनी मेक्सिकोत १९२५ मध्ये स्थापन झाली. २०१३ मध्ये ती ‘एबी इनबेव्ह’ या महाकाय कंपनीने पूर्णपणे ताब्यात घेतली. मात्र एकाच कंपनीच्या हाती अमेरिकेची बाजारपेठ एकवटू नये म्हणून तिथल्या न्याय विभागाने अट घातली. परिणामी मोदेलो आणि कोरोना या बिअरचे अमेरिकेपुरते हक्क ‘कॉन्स्टेलेशन ब्रँड्स’ या अमेरिकी कंपनीला मिळाले आणि सीमेजवळचा कोआविला राज्यातील मोठा कारखानाही तिच्याकडे गेला. दुसरीकडे तेकाते, सोल, दोस एकिस या ब्रँडची मेक्सिकन कंपनी २०१० मध्ये नेदरलँड्सच्या हाइनेकेनने घेतली.

थोडक्यात, बाटलीवर नाव मेक्सिकन, पाणी मेक्सिकोचे, कामगार मेक्सिकोचे. पण कंपनी बाहेरची आणि मोठा ग्राहकही सीमेपलीकडचा. इथूनच वादाला सुरुवात होते.

पाण्याचा वाद काय आहे?

अमेरिकेला माल पाठवणे सोपे जावे म्हणून निर्यातीच्या बिअरचे मोठे कारखाने उत्तर मेक्सिकोत, सीमेजवळ उभे राहिले. आणि हाच मेक्सिकोचा कोरडा भाग आहे. आधुनिक कारखान्यातही एक लिटर बिअर तयार करायला साधारण तीन लिटर पाणी लागते. त्यात बार्ली पिकवण्याचे पाणी धरलेले नाही.

हा वाद सर्वात तीव्र झाला तो मेक्सिकाली शहरात. कॉन्स्टेलेशन तिथे सुमारे १.४ अब्ज डॉलरचा कारखाना उभारत होती. हा सारा परिसर कोलोरॅडो नदीवर अवलंबून आहे. १९४४च्या करारानुसार या नदीचे वर्षाला १८५ कोटी घनमीटर पाणी अमेरिकेने मेक्सिकोला द्यायचे असते. आपल्या भाषेत सांगायचे तर साधारण ६५ टीएमसी. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे, म्हणजे त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. त्यात मेक्सिकालीच्या खोऱ्यातील शेती आणि लाखो लोकांचे पिण्याचे पाणी भागवायचे.

२०१७ पासून स्थानिक शेतकरी आणि नागरिकांनी आंदोलन उभे केले. त्यांचा प्रश्न साधा होता : ‘आमच्या शेताला पाणी नाही, मग अमेरिकेच्या बिअरला कसे?’ कंपनीचे म्हणणे, आपल्याकडे रीतसर परवाने आहेत. मार्च २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष आंद्रेस मॅन्युएल लोपेस ओब्राडोर यांच्या सरकारने तिथे जनमत घेतले. सुमारे ३७ हजार लोकांनी मत दिले आणि त्यांपैकी ७६ टक्के कारखान्याच्या विरोधात होते. बरेचसे बांधकाम झालेला प्रकल्प सरकारने थांबवला.

यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. शहराच्या लोकसंख्येच्या मानाने मतदान अगदी थोडे होते आणि परवाने दिल्यावर अर्ध्यातून प्रकल्प रोखला तर गुंतवणूकदार विश्वास कसा ठेवणार, असे उद्योग संघटनांचे म्हणणे. तर पाण्याचा परवाना देतानाच लोकांना का विचारले नाही, असा आंदोलकांचा प्रतिप्रश्न. कंपनीने पुढे पाण्याने समृद्ध अशा आग्नेय भागातील वेराक्रूझ राज्यात नव्या कारखान्याचे काम हाती घेतले.

दोन वर्षांनी, २०२२च्या उन्हाळ्यात, माँतेर्रे या औद्योगिक महानगरातील नळ कोरडे पडले. अनेक भागांत दिवसातून काही तासच पाणी येत होते. १८९० पासून बिअर बनवणाऱ्या या शहरात लोक बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते आणि कारखाने विहिरींतून पाणी उपसत होते. त्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले, उत्तरेत यापुढे बिअर उत्पादन वाढवू नका, बनवायची तर दक्षिणेत बनवा.

मराठवाड्यातील वाचकांना यात आपलेच चित्र दिसेल. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींतील बिअर कारखान्यांना पाणी का, हाच प्रश्न उभा राहिला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या एप्रिलमध्ये मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० टक्के आणि पुढे मे महिन्यात ६० टक्के कपातीचे आदेश दिले. तेव्हाही युक्तिवाद दोन होते. एक, उद्योगाचा वाटा शेतीच्या तुलनेत फार लहान असतो. दोन, घशाला कोरड पडलेल्या माणसाला टक्केवारी सांगून चालत नाही. दोन्ही खरे होते आणि म्हणूनच हा प्रश्न मेक्सिकोतही सहज सुटलेला नाही.

टॅरिफचा फटका कशाला बसला?

२०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या मालावर आयातशुल्काची घोषणा केली. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार कराराच्या नियमांत बसणाऱ्या मालाला त्यातून सूट मिळाली. पण बिअर दुसऱ्याच दाराने अडकली. एप्रिल २०२५ मध्ये अॅल्युमिनियमवरील २५ टक्के शुल्काच्या यादीत कॅनमधील बिअरचा समावेश झाला आणि जूनमध्ये अॅल्युमिनियमवरील शुल्क ५० टक्क्यांवर गेले. म्हणजे बिअरवर नव्हे, तिच्या वेष्टनावर कर. काचेच्या बाटलीतील तीच बिअर यातून सुटली.

अमेरिकेत टोमॅटो, लिंबू, तिखट-मीठ आधीच घातलेली चेलादा कॅनमध्ये तयार मिळते आणि तिचा ग्राहकवर्ग मोठा आहे. हे पेय स्वभावतःच कॅनचे असल्याने अशा शुल्काची झळ तिला थेट लागते.

शुल्काइतकाच दुसरा एक परिणाम कंपनीच्या हिशेबात उमटला. कॉन्स्टेलेशनच्या बिअरचे जवळपास निम्मे ग्राहक अमेरिकेतील लॅटिनो समाजातील आहेत. २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितले, की स्थलांतरितांवरील कारवाईच्या भीतीने हे ग्राहक बाहेर पडणे, एकत्र जमणे टाळत आहेत. मिचेलादा मुळात चारचौघांत, अंगणात शेगडी पेटवून, सामना लावून प्यायची गोष्ट. लोक जमायचेच थांबले तर बिअर विकली जाणार कशी? धाडसत्राचा परिणाम बिअरच्या विक्रीच्या आकड्यांत दिसावा, ही २०२५ची एक बोलकी नोंद आहे.

टोमॅटोवर वेगळे शुल्क का?

अमेरिकेच्या बाजारातील ताज्या टोमॅटोपैकी मोठा हिस्सा मेक्सिकोतून येतो. सिनालोआ हे त्यातले आघाडीचे राज्य. मेक्सिकन टोमॅटो पडत्या भावात येऊन आमचा बाजार बुडवतो, अशी फ्लोरिडाच्या शेतकऱ्यांची तक्रार १९९०च्या दशकापासूनची आहे. त्यावर १९९६ मध्ये तोडगा निघाला : ठरावीक किमतीखाली विकायचे नाही, मग शुल्क लागणार नाही. हा समझोता वेळोवेळी नव्याने झाला. शेवटचा २०१९चा. १४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेने त्यातून माघार घेतली आणि मेक्सिकोच्या बहुतेक ताज्या टोमॅटोवर १७.०९ टक्के अँटी-डम्पिंग शुल्क लागू झाले.

इथे नेमके बोलायला हवे. हे शुल्क ताज्या टोमॅटोवर आहे. बाटलीबंद रस किंवा प्रक्रियेसाठीच्या टोमॅटोवर नाही. त्यामुळे मिचेलादातील रस यामुळे थेट महागत नाही. फटका बसतो तो टोमॅटो तोडणाऱ्या मजुराला आणि निर्यातीवर शेत उभे केलेल्या शेतकऱ्याला. दुसऱ्या राजधानीतल्या एका आदेशाने आपल्या पिकाचा भाव कसा ठरतो, हे डिसेंबर २०२३ची कांदा निर्यातबंदी पाहिलेल्या नाशिकच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे दार आपल्याच सरकारने बंद केले होते.

लिंबामागे रक्त का सांडले?

या ग्लासातील सर्वात स्वस्त वाटणारी वस्तू सर्वात महाग पडली आहे. मेक्सिकोत घरोघरी वापरले जाणारे छोटे लिंबू मोठ्या प्रमाणात मिचोआकान राज्यातील अपात्सिंगानच्या खोऱ्यात पिकते. याच खोऱ्यात गुन्हेगारी टोळ्या किलोमागे ‘कोटा’ वसूल करतात. शेतकऱ्याने तोडणी केली की एक वाटा, माल वेष्टनगृहात आला की आणखी एक. नकार दिला तर ट्रक जळतो किंवा माणूस गायब होतो.

याविरुद्ध शेतकऱ्यांनी लढून पाहिले. २०१३ मध्ये याच भागात सशस्त्र स्वसंरक्षण दले उभी राहिली. त्यांचे एक संस्थापक इपोलितो मोरा स्वतः लिंबू उत्पादक होते. जून २०२३ मध्ये त्यांची हत्या झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये खंडणीला कंटाळून वेष्टनगृहांनी काही दिवस कामच बंद ठेवले. अपात्सिंगान खोऱ्यातील लिंबूवर्गीय फळ उत्पादकांच्या संघटनेचे अध्यक्ष बर्नार्दो ब्राव्हो या खंडणीविरुद्ध उघडपणे बोलत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह सापडला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, याच राज्यातील उरुआपानचे महापौर कार्लोस मान्सो यांची मृतात्म्यांच्या सणाच्या गर्दीत गोळ्या घालून हत्या झाली. राज्यभर निदर्शने झाली आणि राष्ट्राध्यक्ष क्लॉडिया शाइनबाऊम यांच्या सरकारला मिचोआकानसाठी स्वतंत्र सुरक्षा आणि विकास योजना जाहीर करावी लागली.

लिंबाचा भाव चढला की आपण ऊन, पाऊस आणि दलाल यांना दोष देतो. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याकडेही एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेले होते आणि त्यावर विनोदांचा पाऊस पडला होता. मेक्सिकोत या कारणांच्या जोडीला टोळीचा ‘कर’ही भावात मिसळलेला असतो. मेक्सिको सिटीत मिचेलादाच्या ग्लासाला फासलेले अर्धे लिंबू, पिणाऱ्याच्या नकळत, ही वर्गणी भरत असते.

मिचेलादाने हँगओव्हर उतरतो का?

मेक्सिकोत तिची ख्याती ‘सकाळचा उतारा’ अशी आहे. मीठ, पाणी आणि टोमॅटोमुळे थोडे बरे वाटते, पण ते बिअरमुळे नव्हे. त्रास अल्कोहोलने झालेला असताना आणखी अल्कोहोल घेतल्याने तो फक्त पुढे ढकलला जातो. शिवाय रस मिसळला म्हणून अल्कोहोल कमी होत नाही. बाटलीभर बिअरमध्ये जितके असते तितकेच पोटात जाते, फक्त चवीमुळे जाणवत नाही. मिठाचे प्रमाणही दुर्लक्ष करण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. कडेला लावलेला थर, सॉस आणि रस मिळून त्याचा मोठा हिस्सा एका ग्लासातच संपू शकतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावे.

चव पाहायचीच असेल तर बिअरऐवजी साधा सोडा घालूनही ती जमते. मी तिसरा ग्लास तसाच केला. टोमॅटो, लिंबू, तिखट आणि बुडबुडे यांचे नाते बिअरशिवायही टिकते.

पुढे काय?

तीन गोष्टींवर नजर ठेवायला हवी. पहिली, अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार करार. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या या करारातच सहाव्या वर्षी संयुक्त आढाव्याची तरतूद आहे. मेक्सिकोच्या बिअरला मिळणारी सूट याच करारावर उभी आहे. दुसरी, वेराक्रूझचा प्रयोग. कोरड्या उत्तरेतून ओल्या दक्षिणेत कारखाना नेल्याने पाण्याचा प्रश्न खरोखर सुटतो की फक्त जागा बदलतो, हे तिथे कळेल. तिसरी, मिचोआकान. सैनिक पाठवणे तुलनेने सोपे. लिंबाचा ट्रक ‘कोटा’ न भरता बाजारात पोहोचू लागला, तरच ती योजना यशस्वी म्हणता येईल.

मिचेलादाच्या ग्लासातील वाटणी पाहिली तर नफा बहुतांशी सीमेपलीकडच्या आणि परदेशी कंपन्यांच्या खात्यात जातो. जोखीम मात्र मेक्सिकालीच्या नळावर, सिनालोआच्या शेतमजुरावर आणि अपात्सिंगानच्या बागायतदारावर पडते. टॅरिफच्या बातम्यांत कंपन्या आणि सरकारे दिसतात, हे तिघे क्वचितच. पुढच्या वेळी ते रील मोबाइलवर आले तर लाल ग्लासाकडे बघताना यांचीही आठवण ठेवायला हरकत नाही.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी वयाची अट आणि परवान्याचे नियम लागू आहेत.)